डेव्हिड मॅनकुसो : एका यजमानाचें स्मरण

शहराचा इतिहास लिहिणारा बहुधा सरकारी दप्तर चाळतो. लोक रात्रीं कोठें जमत, कोणाच्या दारीं त्यांस आसरा मिळे, याची नोंद त्या दप्तरांत क्वचितच सांपडते. सांपडलीच तर ती पोलिसांच्या धाडीची असते. न्यूयॉर्कमधील समलिंगी स्त्रीपुरुषांच्या बाबतींत पुष्कळसें असेंच झालें आहे. १४ नोव्हेंबर २०१६ रोजीं वयाच्या ७२ व्या वर्षीं तेथें निवर्तलेला डेव्हिड मॅनकुसो हा पुढारी नव्हता, ग्रंथकारही नव्हता. तो लोकांस आपल्या घरीं नाचावयास बोलावी. तरीही त्या शहराच्या इतिहासांत त्याचें नांव वगळतां येणार नाहीं.

त्याच्या कार्याचें मोल कळण्यास त्या काळची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. दारूचे परवाने देणारें राज्याचें खातें समलिंगी गिऱ्हाइकांचा जमाव म्हणजेच बेशिस्त असें मानी. परवाना जाईल या भीतीनें दुकानदार त्यांस पेला देण्यास कचरत. २१ एप्रिल १९६६ रोजीं मॅटाशीन सोसायटीच्या कांहीं सभासदांनीं आपण समलिंगी आहों असें उघड सांगून ज्यूलियस नामक मद्यगृहांत पेय मागितलें. तें नाकारलें गेलें, तेव्हां हा अन्याय चव्हाट्यावर आला. ज्या ठिकाणीं त्यांस प्रवेश मिळे तीं बहुधा गुन्हेगार टोळ्यांच्या हातीं असत. स्टोनवॉल इन हें त्यांपैकींच एक. २८ जून १९६९ रोजीं तेथें पडलेल्या धाडीविरुद्ध लोक रस्त्यावर उभे ठाकले, हें सर्वश्रुत आहे. परंतु दंगल शमल्यावर त्यांनीं निर्भयपणें जावें कोठें, हा प्रश्न उरलाच.

मॅनकुसोचा जन्म १९४४ सालीं यूटिका या गांवीं झाला. बालपण अनाथालयांत गेलें. तेथील सिस्टर अ‍ॅलिशिया मुलांसाठीं फुगे आणीत, खाऊ मांडीत व तबकड्या लावीत. पुढें न्यूयॉर्कमध्यें ६४७ ब्रॉडवे येथें एका जुन्या गुदामाच्या माळ्यावर तो राहूं लागला, आणि १४ फेब्रुवारी १९७० रोजीं त्यानें तेथेंच स्नेह्यांस नृत्यास बोलाविलें. प्रेमच तारून नेईल अशा अर्थाचें वाक्य निमंत्रणावर होतें. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांत एल. एस. डी. हें मादक द्रव्याचें नांव दडलेलें होतें, हेंही सांगितलें पाहिजे. माळ्यास इंग्रजींत ‘लॉफ्ट’ म्हणतात. तेंच नांव त्या मेळाव्यास पडलें. पाहुण्यानें थोडी वर्गणी द्यावी, मग फळें, सरबत, खाणें सारें मोफत; दारूची विक्री मुळींच नाहीं. गोरे, काळे, स्पॅनिश बोलणारे, श्रीमंत व गरीब तेथें एकत्र नाचत. त्यांत समलिंगी पुष्कळ. आपल्याकडील घरगुती गाण्याच्या बैठकींत जशी तिकिटापेक्षां ओळख मोठी, तसाच हा प्रकार होता.

या न विकण्यांतच त्याचें खरें बळ होतें. १९२६ च्या कायद्यान्वयें खाद्यपेय विकणाऱ्या स्थळीं नृत्यास परवाना लागे. १९७५ च्या सुमारास ९९ प्रिन्स स्ट्रीट येथें बिऱ्हाड हलविल्यावर नगरपालिकेच्या खात्यानें त्याच्यावर कारवाई मांडली. येथें लोकांस कांहींच विकलें जात नाहीं, सबब परवाना नको, असा निर्णय मॅनकुसोच्या बाजूनें लागला आणि पुढील अनेक खासगी नृत्यगृहांस तोच आधार झाला. जें स्वातंत्र्य नागरिक म्हणून मिळत नव्हतें, तें पाहुणा म्हणून मिळालें.

संगीतावरही त्याचा ठसा उमटला. कॅमेरूनच्या मनू दिबांगोचें ‘सोल मकोसा’ हें गीत त्यानें ब्रुकलिनच्या एका दुकानांत मिळालेल्या तबकडीवरून वाजविलें, आणि १९७३ सालीं तें अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादींत चढलें. १९७५ सालीं सहकाऱ्यांसह त्यानें ‘रेकॉर्ड पूल’ स्थापिला. त्यामुळें नव्या तबकड्या वाजविणारांस त्या कंपन्यांकडून समानतेनें मिळूं लागल्या. त्याच्या माळ्यावर येणाऱ्या लॅरी लेव्हननें न्यूयॉर्कचें ‘पॅराडाइज गॅरेज’ गाजविलें, तर फ्रँकी नक्ल्सनें शिकागोचें ‘वेअरहाऊस’. ‘हाऊस’ संगीताचें नांव त्यावरूनच पडलें.

तथापि पाहुण्याचें स्वातंत्र्य यजमानाच्या छपराइतकेंच टिकाऊ. एड्सच्या पहिल्या रुग्णांचें वृत्त ५ जून १९८१ रोजीं छापून आलें. पुढील वर्षांत त्या रोगानें नाचणाऱ्यांची एक पिढीच ओढून नेली. १९८४ मध्यें मॅनकुसो ईस्ट थर्ड स्ट्रीटवर गेला. ती वस्ती तेव्हां भयाण होती, आणि पुष्कळ पाहुणे तुटले. ज्यानें कांहीं विकलें नाहीं, त्याच्या गांठीं संकटकाळासाठीं पुंजी कोठून असणार? म्हणून एका माणसाच्या आतिथ्यास नागरिकाच्या हक्काची जागा घेतां येत नाहीं. पण हक्क मिळेपर्यंत माणसांनीं जगावयाचें असतें, आणि तीं वर्षें त्यानें अनेकांस सुसह्य केलीं. ज्या कायद्याच्या कचाट्यांतून त्यानें आपला माळा सोडविला, तो कायदा न्यूयॉर्कनें २०१७ सालीं रद्द केला. मॅनकुसो त्याच्या आदल्याच वर्षीं गेला होता.