जैवडिझेलचे मिश्रण : धूर घटतो, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात

रायपूर : डिझेल आखातातून नव्हे, बाडीतून मिळेल, अशी घोषणा सुमारे दोन दशकांपूर्वी छत्तीसगडमध्ये गाजली. रायपूर येथे २००५ मध्ये राज्य जैवइंधन विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि पडीक जमिनीवर रतनजोतची, म्हणजेच मोगली एरंडाची, मोठी लागवड झाली. हे इंधन डिझेलमध्ये मिसळल्यावर इंजिनात नेमके काय घडते, हा प्रश्न त्या घोषणेच्या गजरात मागेच राहिला.

रतनजोतचे कच्चे तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट घट्ट असते. त्याचा फवारा जाड पडतो, ज्वलन अपुरे राहते आणि इंजेक्टरवर कार्बन साचतो. म्हणून मिथेनॉलशी त्याची अभिक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढतात. उरते ते जैवडिझेल.

जैवडिझेलमध्ये वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो. फवाऱ्याच्या ज्या भागात हवा पोहोचत नाही, तेथेच काजळी बनते. इंधनातील ऑक्सिजन तेथे उपयोगी पडतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये जड वाहनांच्या इंजिनांवरील चाचण्यांचे विश्लेषण केले. त्यानुसार २० टक्के मिश्रणात सूक्ष्म कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्के घटले. नायट्रोजन ऑक्साइड मात्र २ टक्के वाढले.

या वाढीचे एक कारण यांत्रिक आहे. जैवडिझेल डिझेलपेक्षा कमी दबते. त्यामुळे जुन्या पंपांत दाबाची लाट नोझलपर्यंत लवकर पोहोचते, इंधन आधी फवारले जाते आणि सिलिंडरातील तापमान चढते. कॉमन रेल इंजिनात हे कारण जवळपास उरत नाही. काजळी कमी झाल्याने ज्योतीची उष्णता कमी प्रमाणात बाहेर पडते, हेही एक कारण मानले जाते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे हिशेब बदलला. नव्या वाहनांत काजळी गाळणी अडवते. तेथे मिश्रणाचा धुरापुरता लाभ फारसा उरत नाही. उलट गाळणी स्वच्छ करण्यासाठी उशिरा फवारलेले जैवडिझेल सहज बाष्प होत नाही आणि इंजिन ऑइलमध्ये उतरते. भारतीय मानकात डिझेलमधील जैवडिझेलची मर्यादा ७ टक्के आहे. खरा फायदा जुन्या ट्रकांत, पंपांत आणि जनरेटरांत दिसतो.

इंजिनापेक्षा अडचण बियाण्याची ठरली. पाणी आणि खत नसलेल्या जमिनीत रतनजोतने अपेक्षित उत्पन्न दिले नाही. २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीला गेलेल्या स्पाइसजेटच्या विमानात छत्तीसगडच्या रतनजोतपासून बनवलेले इंधन मिसळले होते. मात्र ते जैवडिझेल नव्हते, ऑक्सिजन काढून टाकलेले हायड्रोकार्बन होते. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेलचे लक्ष्य ठेवले आणि वापरलेल्या खाद्यतेलालाही कच्च्या मालात स्थान दिले.