हीट पंपाचा भार पेलणारी चौकट

गच्चीवर हीट पंप बसविताना यंत्राच्या किमतीवर घासाघीस होते. ते ज्या चौकटीवर उभे राहणार, ती मात्र बहुधा वेल्डरच्या मर्जीवर सोडली जाते. वास्तविक हिशेब वजनापासून सुरू व्हावयास हवा. ३०० लिटरच्या टाकीतील नुसते पाणीच ३०० किलो भरते. टाकीचे आणि यंत्राचे वजन वेगळे. हा भार चार टोकांवर एकवटू नये, म्हणून पायांखाली रुंद पट्ट्या हव्यात आणि चौकट शक्यतो तुळईच्या रेषेत यावी. स्लॅबला भोके पाडली, की वॉटरप्रूफिंग गेलेच. त्याची साक्ष पहिल्या पावसात वरच्या मजल्यावरचे रहिवासी देतात.

मुंबई वा कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत नुसता रंग दिलेले लोखंडी अँगल फार टिकत नाहीत. चौकट वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली असावी. मुलामा चढल्यावर वेल्डिंग केल्यास सांध्यावरचे जस्त जळते आणि गंज तेथूनच शिरतो. त्यामुळे नटबोल्टने जोडावयाचे खाचांचे चॅनल सोयीचे; पुढे पाइप वाढले, तरी क्लॅम्प सरकविता येतो.

तांब्याचा पाइप पोलादावर थेट टेकवू नये. ओलाव्यात पोलाद कुरतडले जाते. मध्ये रबराचे अस्तर हवे. शिवाय असा १० मीटरचा पाइप ५० अंशांनी तापला, की सुमारे साडेआठ मिलिमीटर लांबतो. क्लॅम्प करकचून आवळले असतील, तर तो ताण सांध्यांवर येतो. कॉम्प्रेसरखाली रबरी गाद्या नसल्यास त्याची घरघर हीच चौकट थेट खालच्या शयनगृहात पोहोचविते.