तय्यबजी घराण्याची विलायतेची वाट

आज आपल्या समाजातील एखादा मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाली म्हणजे मोहल्ल्यात पेढे वाटले जातात, विमानतळावर हार घातले जातात, आणि पुढे कोणती पदवी पदरात पडली एवढाच हिशेब आपण मांडतो. मध्ये शिक्षण कुठे अडले आणि पुन्हा कसे सुरू झाले, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. मुंबईच्या तय्यबजी घराण्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

मुल्ला तय्यबअली भाईमियाँ हे खंबायतच्या सुलेमानी बोहरा कुटुंबातले. मुंबईत व्यापार करून त्यांनी आपला जम बसवला. व्यापारी मुसलमानांना समुद्र काही नवा नव्हता. हजची जहाजे, आखातातला व्यापार, कोकणातले नाखवे आणि खलाशी हे सारे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले होते. धास्ती होती ती इंग्रजी शाळेची. मुलगा इंग्रजी शिकला की दीन विसरला, असे मानणाऱ्यांची संख्या त्या काळी थोडी नव्हती. अशा काळात या गृहस्थांनी आपल्या मुलांना युरोपात शिकायला धाडले. थोरले कमरुद्दीन आधी गेले आणि १८५८ साली इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. धाकट्या बदरुद्दीनला वाट दाखवायला घरातलाच माणूस होता, ही गोष्ट लहान नाही.

बदरुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा. आधी मदरशात उर्दू-फारसी, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन. डोळ्यांचे दुखणे लहानपणापासून पाठीस लागलेले. त्यांना फ्रान्सला प्रथम नेले ते डोळ्यांच्या उपचारासाठीच. १८६० साली, सोळाव्या वर्षी, ते लंडनला कॉलेजात दाखल झाले. त्यांच्याजवळ हिंदुस्थानचे निवृत्त गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो यांच्या नावाची ओळखपत्रे होती. ओळखपत्राने दिवाणखान्याचे दार उघडते; थंडी-धुके आणि परके अन्न यांच्याशी ज्याचे त्याने जुळवून घ्यायचे असते.

प्रवासही आजच्यासारखा नव्हता. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ साली. त्याआधी मुंबईहून आगबोटीने एडनमार्गे सुएझला उतरायचे, तेथून आगगाडीने कैरो आणि अलेक्झांड्रिया गाठायचे आणि पुन्हा दुसऱ्या बोटीत बसायचे. सुएझपर्यंतची ती आगगाडीदेखील १८५८ सालीच पुरी झाली होती. लंडनला पोचल्यावर जमातीने नमाज पढायला जवळपास मशीद नव्हती. वोकिंगची शाहजहान मशीद उभी राहिली ती पुढे १८८९ साली.

लंडन मॅट्रिक्युलेशन पास झाल्यावर १८६३ साली बदरुद्दीन मिडल टेंपलमध्ये दाखल झाले. बॅरिस्टर होण्याची त्या काळची रीत आज ऐकली तर हसू येईल. परीक्षेइतकेच महत्त्व जेवणाला! वर्षात चार सत्रे, एकूण बारा, आणि प्रत्येक सत्रात ठरावीक जेवणे संस्थेच्या भोजनगृहात घेतल्याशिवाय सत्र मोजले जात नसे. चौघांच्या पंगतीला मद्याच्या बाटल्या ठरलेल्या असत. १८८८ ते १८९१ या काळात इनर टेंपलमध्ये शिकलेल्या गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे की, मद्य न घेणारा म्हणून आपल्याला पंगतीत ओढायला इतर विद्यार्थी टपलेले असत, कारण मग उरलेल्या तिघांच्या वाट्याला जास्त येई. धर्म पाळून जगू पाहणाऱ्या मुलाला त्या मेजावर दर खेपेला काय घ्यायचे आणि काय नाही, हे स्वतःच ठरवावे लागे.

एका बाबतीत मात्र तेव्हाचे लंडन हिंदी विद्यार्थ्यांना अगदी परके नव्हते. दादाभाई नौरोजी १८५५ पासून तेथे होते. त्यांच्या भोवती फिरोजशहा मेहता, उमेशचंद्र बॅनर्जी, बदरुद्दीन ही तरुण मंडळी जमत. पुढे काँग्रेसच्या व्यासपीठावर ही नावे एकत्र आली, त्याची ओळख लंडनची होती.

पण १८६४ च्या अखेरीस डोळ्यांनी दगा दिला. कायद्याची जाडजूड पुस्तके वाचणाऱ्याची दृष्टीच मंदावली. शिक्षण अर्धवट टाकून बदरुद्दीन मुंबईला परतले. माझ्या मते या साऱ्या हकिकतीतला महत्त्वाचा क्षण हाच. पैसा गेला, वर्षे गेली, आता पेढीवर बैस, असे घरातून सांगितले गेले असते तर कोणी नावे ठेवली नसती. तसे झाले नाही. १८६५ च्या अखेरीस ते पुन्हा लंडनला गेले, एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि डिसेंबरात परतून मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले. १८७४ ची अंजुमन-ए-इस्लाम, १८८७ चे मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद, १८९५ ची हायकोर्टाची न्यायाधीशी, हे सर्व त्या दुसऱ्या प्रवासानंतरचे.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्येच त्यांचा इंतकाल झाला. त्याच वर्षी त्यांच्या नात्यातल्या अतिया फैझी सरकारी शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेल्या. शिक्षिकांना तयार करणाऱ्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी नाव घातले. आपल्या कोकणाशी त्यांचा जवळचा संबंध: त्यांची बहीण नाझली ही जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम. अतियाबेगम घरी जी रोजनिशी धाडीत, ती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या पत्रात क्रमशः छापली गेली. पडद्याआडच्या वाचक भगिनींनी एका मुसलमान मुलीचे विलायतेतले विद्यार्थिजीवन प्रथमच तिच्याच लेखणीतून वाचले.

त्यांचीही प्रकृती बिघडली आणि १९०७ साली अभ्यासक्रम अपुरा टाकून त्या परतल्या. येथे मात्र बदरुद्दीनांची कथा पुन्हा घडली नाही. १९०८ साली अतियाबेगम पुन्हा युरोपात गेल्या, पण त्या नवाबसाहेब आणि नाझली बेगम यांच्यासोबत प्रवासी म्हणून. कॉलेजात त्या परत बसल्या नाहीत. त्यांची रोजनिशी ‘जमाना-ए-तहसील’, म्हणजे शिक्षणाचा काळ, या नावाने १९२१ साली पुस्तकरूपाने निघाली.