स्कॅव्हेंजर आणि जकात

आज ‘स्कॅव्हेंजर’ म्हटले की कचरा वेचणारा किंवा मेलेल्यावर जगणारा प्राणी आठवतो. मध्ययुगीन लंडनमध्ये मात्र परक्या व्यापाऱ्यांनी विक्रीला मांडलेल्या मालावर ‘स्कॅव्हेज’ नावाचा कर होता आणि माल तपासून तो वसूल करणारा ‘स्कॅव्हेजर’ होता. मुळाशी ‘पाहणे’ या अर्थाचा धातू, इंग्रजी ‘शो’चा भाऊबंद. पुढे याच माणसाकडे रस्त्यांच्या स्वच्छतेचे काम आले. कर गेला, झाडू उरला. मधला ‘न’ उगाच घुसलेला आहे, ‘पॅसेंजर’ आणि ‘मेसेंजर’मध्ये घुसला तसाच.

आपल्या ‘जकाती’ची वाट नेमकी उलटी. मूळ अरबी शब्दाच्या धातूत वाढ आणि शुद्धी हे अर्थ आहेत, म्हणून जकात म्हणजे संपत्ती शुद्ध करणारे दान. मराठीत तिचा नाक्यावरचा कर झाला. मुंबईत तो २०१७ साली जीएसटीबरोबर बंद झाला, तरी ‘जकात नाका’ लोकांच्या तोंडून गेलेला नाही.

‘स्कॅव्हेंजर’ हा शब्द पुढे जीवशास्त्रातही आला. १९७९ साली डॅलसच्या गोल्डस्टीन आणि ब्राऊन या संशोधकांना दिसले, की महाभक्षी पेशी रासायनिक बदल झालेले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे कण, अधाशासारखे गिळतात आणि कोलेस्टेरॉलने फुगतात. अशाच फुगलेल्या पेशी धमनीच्या भिंतीत साचतात. बिघडलेला माल उचलणाऱ्या, पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहींना ‘स्कॅव्हेंजर रिसेप्टर’ हे नाव पडले. नाव ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कचराच असणार.

पण याच कुळातला एसआर-बी१ वेगळा निघाला. त्याचे जनुक स्कार्ब-१. हा एचडीएलचा, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या कणांचा, ग्राही आहे, हे मॉन्टी क्रीगर यांच्या गटाने १९९६ साली दाखवले. तो काही गिळत नाही. एचडीएलचा कण यकृताच्या पेशीवर टेकतो, त्यातले कोलेस्टेरॉल काढून घेतले जाते आणि हलका झालेला कण पुन्हा रक्तात जातो. गाडी अडवायची, वाटा घ्यायचा, गाडी सोडायची: शब्दाचा जुना लंडनी धंदा इथे नकळत परतला आहे, आणि मला तरी या ग्राहीला तोच अर्थ जास्त शोभतो असे वाटते. (हिपॅटायटिस सीचा विषाणूही यकृतात शिरताना याच नाक्याचा आधार घेतो.)

नाका बंद पडला तर रक्तात एचडीएल तुंबते. स्कार्ब-१मधल्या एका दुर्मीळ बदलाने ग्राही निकामी होतो. अशा माणसांचे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल भरपूर असूनही त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो, असे २०१६ साली आढळले.