१४ दिवसांसाठी २४ वर्षं

बर्लिनच्या राइशटागवर, म्हणजे जर्मनीच्या संसद-इमारतीवर, सोव्हिएत सैनिक लाल झेंडा फडकवतोय, हा १९४५चा फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. त्याच इमारतीचा ५० वर्षांनंतरचा एक फोटो मात्र आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नसतो. त्यात इमारतीची एकही वीट दिसत नाही. दिसतं ते चंदेरी कापड, त्याला आवळणारे निळे दोर आणि समोरच्या हिरवळीवर निवांत पसरलेली हजारो माणसं.

कापडाखाली काय होतं ते आधी बघू. राइशटाग बांधून झाली १८९४मध्ये. १९१८मध्ये तिच्याच खिडकीतून जर्मनी प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली. २७ फेब्रुवारी १९३३च्या रात्री तिला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी ती आग पुढे करून हिटलरच्या सरकारने नागरिकांचे मूलभूत हक्क गुंडाळून ठेवले. मग युद्ध, बॉम्ब, तो झेंडा. १९६१मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली ती या इमारतीच्या अगदी पाठीशी. पश्चिम जर्मनीची संसद तेव्हा बॉनमध्ये भरत होती. राइशटागची डागडुजी झाली, पण तिचं खरं काम गेलेलंच होतं.

१९७१मध्ये बर्लिनमध्ये राहणाऱ्या मायकेल कलन या अमेरिकन माणसाने ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याला एक पोस्टकार्ड पाठवलं. सूचना साधी होती : ही इमारत कापडात गुंडाळा.

पोस्टकार्ड योग्य पत्त्यावर गेलं होतं. ख्रिस्तो मूळचा बल्गेरियाचा, कम्युनिस्ट राजवटीतून मालगाडीत लपून पश्चिमेला पळालेला. बर्लिनची भिंत झाल्यावर, १९६२च्या जूनमध्ये, या दोघांनी पॅरिसमधली एक अरुंद गल्ली तेलाच्या ८९ पिंपांनी काही तासांसाठी अडवली होती. परवानगी मागितली होती, मिळाली नव्हती, तरीही अडवली. एक रात्र, एक गल्ली, पिंपं रचली की काम झालं.

राइशटागचं तसं होणार नव्हतं. इमारत ब्रिटिश विभागात, पाठीमागे लगेच सोव्हिएत हद्द, आणि निर्णय बॉनमधल्या राजकारण्यांच्या हातात. १९७७मध्ये नकार आला. १९८१मध्ये पुन्हा. १९८७मध्ये तिसऱ्यांदा. दोघं दर वेळी नवी चित्रं, नवी मॉडेल्स घेऊन परत यायचे. ती चित्रं विकूनच प्रकल्पाचा पैसा उभा राहायचा. सरकारी अनुदान नाही आणि प्रायोजकही नाही, हा त्यांचा नियम होता.

१९८९मध्ये भिंत पडली, १९९०मध्ये देश एक झाला, १९९१मध्ये संसद बर्लिनला हलवायचं ठरलं. आता राइशटाग पुन्हा खरीखुरी संसद होणार होती, त्यामुळे प्रश्न आणखी नाजूक झाला. संसदेच्या अध्यक्ष रीटा झ्युसमुथ प्रकल्पाच्या बाजूने होत्या, चान्सलर हेल्मुट कोल विरोधात. ख्रिस्तो आणि जान-क्लोद बॉनमध्ये एकेका खासदाराच्या कार्यालयात जाऊन बसत, समजावून सांगत. २५ फेब्रुवारी १९९४ला संसदेत यावर रीतसर चर्चा झाली. अजून अस्तित्वातच न आलेल्या कलाकृतीवर संपूर्ण संसद चर्चा करत होती. कोल यांच्या पक्षाचे ज्येष्ठ नेते वोल्फगांग शॉयब्ल यांचं म्हणणं असं, की राष्ट्राचं असं प्रतीक प्रयोगासाठी वापरू नये, त्याने लोक जोडले जाण्याऐवजी तुटतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एवढा इतिहास अंगावर असलेली वास्तू चेष्टेचा विषय होईल, ही भीती खरी होती. खासदारांच्या नावानिशी मतदान झालं : बाजूने २९२, विरोधात २२३, तटस्थ ९.

पुढचा भाग माझ्यासारख्या इंजिनियरला वाचताना मजा येते. आमच्या धंद्यात चालू सिस्टीमला हात लावायचा तर आधी एक प्रश्न विचारतात : बिघडलं तर होतं तसं परत करता येईल का? इथे तोच प्रश्न दगडी इमारतीबद्दल होता. दगडाला, शिल्पांना धक्का लावायचा नव्हता. म्हणून कापडाचा भार पेलायला आणि नक्षीकामापासून ते दूर ठेवायला पोलादी सांगाडे बनवले. अॅल्युमिनियमचा थर दिलेलं एक लाख चौरस मीटरहून जास्त पॉलिप्रॉपिलीन कापड शिवून घेतलं आणि साडेपंधरा किलोमीटर निळा दोर आणला. गिर्यारोहकांसारखे दोराला लटकणारे कारागीर छतावरून कापड उलगडत खाली आले.

२४ जून १९९५ला काम पुरं झालं आणि ७ जुलैपर्यंत राहिलं. तिकीट नव्हतं. सुमारे ५० लाख लोक येऊन गेले. जवळ जाऊन कापडाला हात लावता येत होता, कापडाचा छोटा तुकडा फुकट घरी नेता येत होता. वाऱ्याने घड्या हलायच्या, सकाळची चंदेरी इमारत संध्याकाळी सोनेरी दिसायची. लोक तिच्यासमोर डबे उघडून बसले, रात्री उशिरापर्यंत रेंगाळले. जिच्याकडे पाहिलं की आग, युद्ध आणि भिंत आठवायची, तिच्यासमोर माणसं नुसती बसली होती. मग कापड उतरलं आणि पुनर्वापरासाठी गेलं. त्यानंतर नॉर्मन फॉस्टर यांच्या आराखड्याप्रमाणे नूतनीकरण सुरू झालं आणि १९९९मध्ये काचेच्या घुमटाखाली संसद भरू लागली.

आपल्याला या गोष्टीतलं तात्पुरतेपण समजावून सांगायला नको. महिनोन्‌महिने खपून देखावा उभा करायचा आणि दहा दिवसांनी विसर्जन करायचं, हे आपण लहानपणापासून बघतो. मला थांबवतात ती आधीची २४ वर्षं. आपल्या चौकात एका रात्रीत फ्लेक्स लागतो, चौथरा उठतो, आणि त्या चौकातून रोज जाणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही. जे कायमचं राहणार, तेही न विचारता उभं राहतं. इथे दोन आठवड्यांत निघून जाणाऱ्या कापडासाठी दोन माणसं तीन नकार पचवून दारोदार विचारत राहिली.

विचारायचं म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक द्यायची. ती मोकळीक होती म्हणून २२३ जणांनी विरोधात मत दिलं. आपली संसद आपल्यासाठी काय आहे, हे त्या दिवशी बाजूच्या आणि विरोधातल्या सगळ्यांनाच एकमेकांसमोर उभं राहून बोलावं लागलं. परवानगीची ही सगळी खटपट कलाकृतीचाच भाग आहे, असं ख्रिस्तो आणि जान-क्लोद मानत. मग ती २२३ मतंही कलाकृतीतच धरायला हवीत. कापड १४ दिवस राहिलं. त्या चर्चेचं इतिवृत्त संसदेच्या दप्तरात कायमचं आहे.