मुक्ता साळवे हिचा निबंध

पुण्यात १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली, ही गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. शाळा कोणी काढली, हे आपण अभिमानाने सांगतो. तिथे बसलेल्या मुली काय शिकल्या, हे मात्र क्वचितच विचारतो. वास्तविक शाळेची परीक्षा त्यावरूनच व्हावयाची.

सुदैवाने याचे उत्तर देणारा एक लेख उपलब्ध आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन अंकांत छापून आला. ती मांग समाजातली, वय सुमारे १४ वर्षांचे, आणि फुल्यांच्या शाळेत तिचे शिक्षण झाले तेही तीनेक वर्षांचेच. लिहितावाचता येणाऱ्या बाईस वैधव्य येते, असे मानणारा तो काळ होता, हे ध्यानात ठेवावे.

या निबंधात दयेची याचना नाही, युक्तिवाद आहे. वेद ब्राह्मणांचेच, इतरांनी ते पाहूही नयेत, असे जर असेल, तर आम्हांला धर्मग्रंथच नाही; मग आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न ती ईश्वरालाच करते. प्रतिपक्षाचेच म्हणणे घेऊन त्यातून त्याला अडचणीत आणणारा निष्कर्ष काढावा, ही वादाची रीत या मुलीला चांगली साधली होती. पुढे ती पेशवाईत आपल्या लोकांवर झालेले जुलूम सांगते. नंतर आपल्या जातीतील बायकांच्या बाळंतपणाकडे वळते: घरावर धड छप्पर नाही, थंडीपावसात त्यांचे होणारे हाल कोणी जाणत नाही. जातीच्या दुःखात बाईच्या वाट्याचे दुःख निराळे असते, हे मुलीच्या लेखणीने दाखवावे, यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो. शेवटी ती स्वजनांना बजावते, की शिका, ज्ञान हेच तुमच्या दुखण्यावरचे औषध आहे.

अक्षरओळख कोणतीही शाळा करून देते. परंतु 'हे असे का?' असे विचारणाऱ्या मुलीचे लिखाण छापण्यापर्यंत पोचावे, यासाठी तिचा प्रश्न उद्धट न मानणारे शिक्षक लागतात. फुले दांपत्याने ते केले. आज आमच्या वर्गात एखादी मुलगी असा प्रश्न घेऊन उभी राहिली, तर आपण तिला खाली बसवू की बोलू देऊ, याचा विचार श्रोत्यांनी घरी जाऊन अवश्य करावा.