भूक नेमकी कुठे असते? : वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियांचा इतिहास

१/
जठर लहान केले की माणूस कमी जेवतो, यात नवल नाही. लहान भांड्यात कमी मावते. परंतु अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आणखी एक गोष्ट सांगत आले : पूर्वीसारखी भूकच लागत नाही. भांड्याच्या हिशेबात हे बसत नव्हते. त्याचा उलगडा व्हायला वैद्यकशास्त्राला तीसहून अधिक वर्षे लागली. त्या उलगड्याचा हा इतिहास. #धागा

२/
जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याची संधी एका अपघाताने आली. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. लष्करी वैद्य विल्यम बोमाँट यांच्या उपचारांनी तो वाचला, पण पोटाच्या बाहेरून थेट जठरात जाणारे छिद्र कायमचे राहिले. त्या छिद्रातून बोमाँट दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडत आणि ठरावीक वेळाने ओढून पाहत. जठररसाने अन्न विरघळते, हे त्यातून सिद्ध झाले. त्यांचा ग्रंथ १८३३ साली प्रसिद्ध झाला.

३/
बोमाँट यांचा एक प्रयोग भुकेविषयी होता. सेंट मार्टिनला त्यांनी सकाळच्या न्याहारीनंतर दुपारपर्यंत उपाशी ठेवले आणि तोंडाला काहीही न लावता मांसाचा तुकडा छिद्रातून सरळ जठरात टाकला. भूक लगेच शमली. चव नाही, चावणे नाही, गिळणे नाही, तरीही समाधान. भूक जठरातच वसते, ही समजूत त्यामुळे पक्की झाली.

४/
पुढे शल्यविशारदांनी जठराला हात घातला. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगग्रस्त जठराचा भाग कापून उरलेला भाग आतड्याला जोडला आणि रुग्ण स्त्री त्या शस्त्रक्रियेतून वाचली. १८९७ साली झुरिकमध्ये कार्ल श्लाटर यांनी ५६ वर्षांच्या एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडली. ती जेवत होती, अन्न पचत होते, वजनही वाढले. ती त्यानंतर वर्षाहून अधिक काळ जगली. जठरावाचून पचन चालते, हे जगाने प्रथमच पाहिले.

५/
१९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांना आणखी एक आश्चर्य दिसले. लहान आतड्याच्या अस्तरातून निघणारे एक द्रव्य रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंत पोहोचते आणि त्याला पाचकरस सोडण्याचा निरोप देते. हे द्रव्य म्हणजे सिक्रिटिन. अशा द्रव्यांसाठी स्टार्लिंग यांनी १९०५ साली 'हॉर्मोन' हा शब्द वापरात आणला. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो. आतडे रक्तावाटे निरोप धाडते, हे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच माहीत झाले होते. पण भुकेच्या बाबतीत त्याचा अर्थ लागायला फार उशीर झाला.

६/
कारण त्या काळी भुकेचे उत्तर अधिक सोपे वाटत होते. १९१२ साली हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन यांचे सहकारी वॉशबर्न यांनी स्वतः एक फुगा गिळला. फुग्याला जोडलेल्या यंत्राने जठराच्या हालचाली टिपल्या. जठर आकुंचन पावे, त्याच सुमारास वॉशबर्न यांना भुकेची कळ जाणवे. 'पोटात कावळे ओरडतात' असे मराठी माणूस म्हणतो. कॅनन यांनी जणू त्या कावळ्यांची नोंदच कागदावर उतरवली. रिकामे जठर आवळले की भूक, भरले की तृप्ती.

७/
या सोप्या उत्तराला १९३१ साली मिनेसोटा विद्यापीठातून तडा गेला. ओवेन वँगनस्टीन आणि त्यांचे सहकारी कार्लसन यांनी संपूर्ण जठर काढलेल्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. त्या रुग्णाला भूक लागत होती! आवळायला जठरच उरले नव्हते, तरीही. म्हणजे भुकेचे मूळ केवळ त्या पिशवीत नव्हते.

८/
दरम्यान जठर कापलेल्या रुग्णांमध्ये एक नवाच त्रास दिसू लागला होता. जेवणानंतर थोड्याच वेळात छातीत धडधड, घाम, चक्कर, पोटात कळ, जुलाब. अन्न, विशेषतः गोड पदार्थ, जठरात रेंगाळण्याऐवजी एकदम आतड्यात ओतले जात आणि शरीरातील पाणी तिकडे खेचले जाई. १९२२ साली चार्ल्स मिक्स यांनी क्ष-किरणांखाली ही घाईची ओतणी पाहून तिला 'डम्पिंग' म्हटले. काहींना जेवणानंतर एक ते तीन तासांनी निराळा त्रास होतो : साखर झपाट्याने शोषली जाते, इन्सुलिन उसळते आणि रक्तातील साखर गरजेपेक्षा खाली जाते.

९/
त्याच मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण युद्धाला नैतिक विरोध असलेले स्वयंसेवक होते. त्यांचे वजन उतरले आणि त्याबरोबर मनही अन्नाभोवती घुटमळू लागले. अन्नाची स्वप्ने, अन्नाच्या गप्पा, पाककृतींची पुस्तके. खुराक कमी केला की शरीर भूक वाढवते, हे इतक्या स्पष्टपणे दिसूनही लठ्ठ माणसाला मिळणारा सल्ला एकच राहिला : तोंडावर ताबा ठेवा.

१०/
१९५४ साली मिनेसोटातच क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा मोठा भाग बाजूला ठेवण्याची कल्पना मांडली. तर्क नळकामाचा होता. अन्न शोषणारी नळी आखूड केली की कितीही खाल्ले तरी शरीराला कमी लागेल. लॉस एंजलिसमध्ये हॉवर्ड पेन आणि लॉरेन डीविंड यांनी हा मार्ग पुढे नेला. त्यांच्या १९६९ च्या पद्धतीत लहान आतड्याच्या आरंभाचे १४ इंच शेवटच्या ४ इंचांना जोडले जात. मधले वीसेक फूट आतडे वापराबाहेर जाई.

११/
वजन घटले, पण किंमत भयंकर होती. न थांबणारे जुलाब, क्षारांची कमतरता, मूतखडे, सांधेदुखी आणि काहींच्या बाबतीत यकृत निकामी होऊन मृत्यू. अनेकांची शस्त्रक्रिया उलटवून आतडे पूर्ववत जोडावे लागले. अखेरीस ही पद्धत सोडून देण्यात आली.

१२/
मात्र या अपयशातच एक महत्त्वाचा धागा होता. जॉर्ज ब्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या रुग्णांचे खाणे मोजले. ते पूर्वीपेक्षा बरेच कमी खात होते आणि त्यांची गोडाची आवडही बदलली होती. वास्तविक त्यांचे जठर कोणी लहान केले नव्हते. बदल फक्त आतड्यात झाला होता. मग जेवणावरची इच्छा का उडावी? बहुतेकांनी उत्तर दिले, जुलाबाच्या धास्तीने. प्रश्न तिथेच मिटवला गेला.

१३/
आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन दुसऱ्या वाटेने निघाले होते. जठरव्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन पुन्हा वाढतच नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. तिथे जी तक्रार होती, तीच इथे उपाय ठरू शकत होती. १९६६ साली त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून तो लहान आतड्याला जोडला. हाच पहिला गॅस्ट्रिक बायपास.

१४/
१९७७ पासून या जोडणीला स्विस शल्यविशारद सेझार रू यांच्या पद्धतीचा, इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा आकार मिळाला. वाटीभरही न मावणारी जठराची छोटी पिशवी, तिथून अन्न थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागात. मोठे उरलेले जठर आणि आतड्याचा आरंभ जागेवरच राहतात, पण अन्न त्यांना स्पर्श करत नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस दुसऱ्या फाट्याने येऊन खाली मिळतात.

१५/
रुग्ण बाहेर येऊन जे सांगत, ते मात्र आकृतीत नव्हते. चार घासांत पोट भरते, हे अपेक्षित होते. पण जेवणाची वेळ टळून जाते आणि आठवणही होत नाही, मिठाईचा वास नकोसा वाटतो, आवडीच्या पदार्थाची चव निराळी लागते, हे अपेक्षित नव्हते. डॉक्टरांनी यालाही डम्पिंगच्या भीतीचे नाव दिले. रुग्णाचे म्हणणे ऐकले गेले, पण पुरावा म्हणून नव्हे.

१६/
पहिला मोठा धक्का मधुमेहाने दिला. नॉर्थ कॅरोलिनातील वॉल्टर पोरिस यांनी १९९५ साली ६०८ बायपास रुग्णांचा चौदा वर्षांचा वृत्तांत मांडला. त्यांतील मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा सामान्य झाली होती. विशेष म्हणजे, वजन फारसे उतरण्याआधी, काही दिवसांतच साखर खाली येत होती. पिशवी लहान झाल्याने हे घडणे शक्य नव्हते. आतड्याची वाट बदलल्याने रक्तात काहीतरी बदलत होते.

१७/
१९९९ साली जपानमध्ये मासायासु कोजिमा आणि केन्जी कांगावा यांनी जठरातून निघणारे एक संप्रेरक शोधले : घ्रेलिन. लवकरच दिसले की हे माणसाला दिले असता भूक वाढते. जेवणाआधी त्याचे रक्तातील प्रमाण चढते, जेवल्यावर उतरते. बोमाँट यांनी जठरात पाहिलेल्या भुकेला दीडशेहून अधिक वर्षांनी रासायनिक नाव मिळाले.

१८/
२००२ साली सिएटलमधील डेव्हिड कमिंग्ज यांनी दोन गट पाहिले. आहार कमी करून वजन घटवलेल्यांचे घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढले होते. मिनेसोटाच्या त्या ३६ तरुणांची तडफड आता रक्ताच्या तपासणीत दिसत होती. बायपास झालेल्यांचे घ्रेलिन मात्र सामान्य वजनाच्या माणसांपेक्षाही ७७ टक्क्यांनी कमी होते. बायपासनंतरच्या घ्रेलिनबाबत पुढील अभ्यासांचे निष्कर्ष सारखे आले नाहीत, पण प्रश्न विचारण्याची दिशा कायमची बदलली.

१९/
दुसरा निरोप्या आतड्याच्या खालच्या भागात सापडला. बायपासनंतर अन्न तिथे लवकर पोहोचते आणि तिथल्या पेशी जीएलपी-१ व पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरके भरभरून सोडतात. २००७ साली कार्ल ल रू आणि सहकाऱ्यांनी अशी संप्रेरके रोखणारे औषध बायपास झालेल्यांना दिले. त्यांचे खाणे वाढले. जठराला नुसता पट्टा आवळलेल्या रुग्णांचे वाढले नाही. रुग्ण इतकी वर्षे सांगत होते ते खरे होते.

२०/
आज सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत आतड्याला हात लावत नाहीत. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. घ्रेलिन प्रामुख्याने ज्या वरच्या फुगीर भागात तयार होते, तोच यात निघून जातो.

२१/
पचनाने मागितलेली किंमत मात्र आयुष्यभराची आहे. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आतड्याच्या ज्या आरंभात शोषले जातात, तो भाग बायपासमध्ये वगळला जातो. जीवनसत्त्व ब-१२ शोषायला जठरातून स्रवणारे एक प्रथिन लागते. तेही अपुरे पडते. गोळ्या आणि रक्ततपासण्या कधीच सुटत नाहीत. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने ब-१२ ची कमतरता आपल्याकडे मुळातच किती सर्रास आहे, हे दाखवून दिले आहे. शाकाहारी घरांतील रुग्णांसाठी ही बाब अधिकच गंभीर ठरते. बायपासनंतर मद्यही वेगाने चढते.

२२/
भूकही कायमची जात नाही. पहिले वर्ष-दीड वर्ष ती मंद असते, मग हळूहळू परतते. स्वीडनमध्ये १९८७ साली लार्स ह्योस्ट्रोम यांनी सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन दहा वर्षांनी मूळच्या वजनापेक्षा सरासरी २५ टक्के कमी होते. आरंभीची घट याहून अधिक होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या वजनात मात्र या काळात दोन टक्क्यांपलीकडे फरक पडला नाही. २००७ साली याच अभ्यासाने शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी असल्याचे दाखवले.

२३/
जीएलपी-१ ची नक्कल करणारी औषधे प्रथम मधुमेहासाठी आली. २०२१ साली अमेरिकेत सेमाग्लुटाइडला वजन घटवण्यासाठी मान्यता मिळाली. ही औषधे घेणारे लोक आता तेच शब्द उच्चारतात, जे बायपासचे रुग्ण अर्धशतकापूर्वी उच्चारत होते : डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचार थांबला. औषध बंद केले की तो बहुधा परत येतो.

२४/
मेसन यांच्या पहिल्या रुग्णांपासून आजवर लाखो जणांनी 'जिभेचे चोचले', 'तोंडावर ताबा नाही' हे टोमणे ऐकले आहेत, अनेकदा दवाखान्यातच. ज्याला रोज दुप्पट भूक लागते आणि ज्याला साधारण भूक लागते, त्या दोघांना एकाच संयमाच्या तराजूत तोलले गेले. जठर-आतड्यांतून मेंदूकडे जाणारे निरोप प्रत्येकाचे सारखे नसतात, हे आता रक्ताच्या थेंबात मोजता येते. शस्त्रक्रिया कुणी करावी, कुणी टाळावी, हा रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातला निर्णय आहे. टोमणा मारणाऱ्यांना मात्र या इतिहासात आधार सापडत नाही. (समाप्त)